चार मजले, एक गुडघा

४ फेब्रुवारी, मंगळवार

माझी शाळा चौथीपर्यंत. त्यानंतर जे काही लिहिलं ते लाँड्रीत कपड्यांना टाचायच्या चिठ्ठ्यांवर. शर्ट दोन, चादर एक, डाग आधीचा. तेव्हा ही वही कुणाच्या हाती लागली तर शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नये. खरं तर वाचूच नये.

लिहायला व्यायामवालीने सांगितलं. हाडांच्या डॉक्टरांनी पाठवलेली आहे, दर मंगळवारी घरी येणार. तिने एक छापील कागद दिलाय, त्यावर रोज दुखण्याचा आकडा टाकायचा, शून्यापासून दहापर्यंत. बाकी मनात येईल ते वहीत लिहा म्हणे, मन मोकळं होतं. माझं मन काही तुंबलेलं नाही. तुंबलाय तो गुडघा.

झालं असं. मागच्या बुधवारी भाजी घेऊन वर येत होते. आमचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बहात्तर पायऱ्या. दुसरा मजला ओलांडला आणि डावा गुडघा अडकला. वर जाईना, खाली जाईना. दीड तास पायरीवर बसून होते. येणारे-जाणारे विचारत, आजी बऱ्या आहात ना, आणि मी सांगत होते की हवा खातेय. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या शिंप्याने काखेत धरून वर आणलं आणि वर आगाऊपणा करून माझ्या मुलाला फोन केला.

मुलगा दुसऱ्या गावी असतो. दुसऱ्याच दिवशी आला, मला खुर्चीत बसवून चौघांकरवी खाली नेलं. सगळी बिल्डिंग दारात. डॉक्टरांनी फोटो काढला. पस्तीस वर्षं मी वाफेच्या प्रेसवर उभी राहिले. उजव्या पायाने पेडल दाबायचं आणि अंगाचा सगळा भार डाव्यावर. डॉक्टर म्हणाले झीज आहेच, पण मांडीत ताकदच उरलेली नाही, गुडघ्याला धरून ठेवायला कुणी नाही. ऑपरेशनचं नंतर बघू, आधी सहा आठवडे व्यायाम.

मुलाने मात्र नंतर बघू म्हटलं नाही. तो म्हणाला, सोळा मार्चला रविवार आहे, मी येतो. तू माझ्यासमोर चार मजले उतरायचे, कोपऱ्यावरच्या दुकानातून पिशवी घेऊन यायचं आणि कुठेही न बसता वर चढायचं. जमलं तर राहा. नाही जमलं तर माझ्याकडे चल, तळमजल्यावरची खोली रिकामी आहे.

खोली एक. आणि आम्ही दोघी. धाकटी म्हणजे माझ्या दिराची बायको. दोन भाऊ, दोन जावा, एक घर. भाऊ गेले, आम्ही राहिलो. तिला मूलबाळ नाही. मुलाने तिची सोय तिच्या भाच्याकडे लावून टाकलीय, भाचा हो म्हणालाय. कसं म्हणाला ते मी फोनवर ऐकलं. सर्दी झालेला माणूस हो म्हणतो तसं.

धाकटी हे सगळं बोलणं होईपर्यंत चहाच्या कपाचा कान धरून बसली होती. एक शब्द बोलली नाही. बेचाळीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

५ फेब्रुवारी, बुधवार

व्यायाम म्हणजे काय, तर पलंगावर पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, आणि गुडघ्याने ती खाली दाबायची. पाच आकडे होईस्तोवर दाबून धरायची. असं दहा वेळा. मग निजून सरळ पाय वीतभर वर उचलायचा, पुन्हा पाच आकडे, पुन्हा दहा वेळा. बघताना वाटतं यात काय मोठंसं. तिसऱ्याला मांडी थरथरायला लागते.

मोजताना माझा श्वास अडकतो आणि आकडेही मी घाईने पळवते, व्यायामवालीने लगेच पकडलं. म्हणाली, कुणाला तरी मोजायला सांगा. धाकटी आहेच. ती तीस वर्षं औषधांच्या कारखान्यात गोळ्या मोजून बाटल्यांत भरायची. पाच-पाचच्या ओळी बोटाने सरकवत एका दमात शंभर. पुढे यंत्र आलं, तेव्हा यंत्राने भरलेल्या बाटल्या तपासायला हिलाच बसवलं. मोजण्यात तिचा हात धरील असं माणूस मी पाहिलेलं नाही. हे तिला कधी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

मी डोळे मिटून पाय उचलते, ती उशाशी बसून मोजते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुखणं सात. कागदावर चार लिहिलं. मुलगा कागद बघायला मागणार, मला माहीत आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

धाकटी लबाडी करते. सात म्हणते, आठ म्हणते, आणि पुन्हा सात. मी मिटल्या डोळ्यांनी म्हटलं, सात झाले मघाशी. ती म्हणाली, नाही जाऊबाई, आत्ताच होतायत. डोळे उघडून बघितलं तर चेहरा अगदी सरळ.

मग माझ्या लक्षात आलं. कारखान्यात बाटलीत एक गोळी कमी भरली तर बोलणी बसायची, जास्त गेली तर कुणी विचारत नसे. ती सवय. दहा म्हटलं की बारा-पंधरा करून घेते. करून घेऊ दे. जास्त केलं तर ताकदही जास्तच येईल.

११ फेब्रुवारी, मंगळवार

गुडघा सुजला. नारळाएवढा. वाटी कुठे आणि हाड कुठे ते कळत नाही.

व्यायामवालीने बोटाने दाबून बघितलं. दहाच करता ना, म्हणाली. मी म्हटलं दहाच. मग तिने धाकटीला विचारलं, धाकटी ठामपणे म्हणाली दहाच. व्यायामवालीने मग स्वतःसमोर एकदा करायला लावलं. धाकटी मोजत होती. व्यायामवाली माझ्या पायाकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघत राहिली. संपलं तेव्हा म्हणाली, आजी, हे एकवीस झाले.

मी म्हटलं, आमच्याकडे भरून द्यायची पद्धत आहे.

पण ती हसली नाही. बर्फ लावायला सांगितला, चार दिवस फक्त टॉवेलचा व्यायाम, पाय उचलायचा नाही. म्हणजे चार दिवस गेले. एकूण आहेत किती?

जाताना धाकटीशी गप्पा मारत बसली. आज वार कोणता, सकाळी काय खाल्लं, तुमचं लग्न कधी झालं. धाकटी म्हणाली, वार बघायला भिंतीवर कॅलेंडर टांगलंय की. बरोबर बोलली. पैसे गुडघ्याचे घ्यायचे आणि चौकशा लग्नाच्या करायच्या.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सूज उतरतेय. धाकटीने चहात मीठ घातलं. मी कप तसाच तिच्यापुढे सरकवला, तिने घोट घेतला आणि चांगला आहे की असं म्हणून सगळा प्यायली. दुपारी भाताचं पातेलं करपवलं.

रुसलीय. भाच्याकडे पाठवणार म्हणून रुसलीय आणि राग माझ्या चहावर काढतेय. अगं, मी पाठवतेय का? मी इथे टॉवेल दाबतेय तो कुणासाठी?

हे तिला बोलून दाखवलं नाही. उगाच डोक्यावर चढून बसेल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज नवा व्यायाम. खुर्चीतून हात न टेकवता उठायचं आणि हात न टेकवता बसायचं. बसताना धपकन पडायचं नाही, कुणी खुर्ची मागून ओढेल अशा भीतीने सावकाश टेकायचं. दोनदा जमलं, तिसऱ्यांदा हात आपोआप खुर्चीला गेला. व्यायामवालीने माझे दोन्ही हात छातीशी दुमडून ठेवले, लहान पोरीसारखे.

कागदावरच्या आकड्यांचंही बोलली. चार म्हणून लिहिता आणि पाय टेकवताना तोंड आठचं करता. मी तुमचे आकडे बघून व्यायाम वाढवते, आजी, खोटं लिहिलंत तर तुमचं नुकसान मीच करेन. पुढचं मुकाट्याने ऐकून घेतलं. बाई खरं बोलते, पण सुनावते फार.

तिने सांगितलं की मोजायला दहा बटणं घ्या, एकेक बाजूला ठेवा. मी म्हटलं, मोजायला घरात माणूस आहे, बटणं कशाला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बटणांच्या डब्यातून दहा काढून घेतली. डाव्या मुठीत धरते आणि दर वेळी एक उशीखाली सोडते. धाकटी मोठ्याने मोजत असते, ती कुठेही असो. माझी मूठ रिकामी झाली की मी झालं म्हणते आणि ती दहा म्हणते. दोघींचं समाधान. एवढ्यातेवढ्यावरून तिच्याशी वाद घालायला मला वेळ नाही.

गुडघा आज चार. खरा चार.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज जिवात जीव राहिला नव्हता.

मी खाली उतरत नाही म्हणून भाजी, दूध सगळं धाकटीच आणते. दहाला गेली. अकरा झाले, साडेअकरा झाले. मी खिडकीत. बाराला दिसली. समोरच्या बिल्डिंगच्या फाटकाशी उभी होती, हातात रिकामी पिशवी, मान वर करून एकेक खिडकी बघत. तिकडची माणसं तिला वळसा घालून जात होती. मी हाक मारली. रस्त्यावर गाड्यांचा आवाज, तिला ऐकू जाईना. मला खाली जाता येईना. दाराशी आले, जिन्याचा कठडा धरला, दोन पायऱ्या उतरले आणि गुडघ्याने सांगितलं बस्स. परत खिडकीत. शेवटी स्टीलचं ताट आणि डाव घेऊन खिडकीच्या गजाशी बडवत सुटले. सगळा रस्ता वर बघायला लागला, तेव्हा तिनेही बघितलं. आणि हसून हात केला, जसं काही मीच उशिरा आले.

वर आल्यावर म्हणाली, ओळखीची बाई भेटली होती. कुठली बाई? तिला नाव सांगता येईना.

मी ओळखून आहे. ती भाच्याच्या माणसांना भेटतेय, निरोप चाललेत. इथून सुटायची तयारी आहे तिची. माझा पाय आणि मी राहू इथे.

जेवताना बोलले नाही तिच्याशी. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

ओट्याला धरून टाचा उचलायच्या. भिंतीला पाठ लावून जराशी खाली घसरायचं आणि तिथेच थांबायचं. आणि आता पायरी. व्यायामवालीने दाराबाहेर नेलं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मी आयुष्यभर उलटं करत आलेय.

पहिल्या दिवशी नऊ पायऱ्या खाली, नऊ वर. वळणापर्यंत. वर आले तेव्हा घामाने पाठ भिजली होती. व्यायामवाली म्हणाली, झकास. बिल्डिंगमधल्या कुणी ऐकलं नाही, याचं वाईट वाटलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

तिसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन आले. शिंपी दारात मशीन लावून बसतो. म्हणाला, आजी, आता तुम्ही शर्यतीत पळणार. मग हळूच म्हणाला, तुमच्या धाकट्या बाई परवा आमच्या दाराला किल्ली लावत होत्या, लागेना म्हणून मलाच ओरडल्या की कुलूप का बदललंस.

मी म्हटलं, आमच्या दारासारखाच रंग दिलास कशाला तुझ्या दाराला? चार मजले चढणाऱ्या माणसाला दार दारासारखंच दिसतं.

त्याने जीभ चावली आणि मान मशीनवर घातली. पण वर येताना मी गुडघ्याकडे बघायचं विसरले. अठरा पायऱ्या कधी संपल्या ते समजलं नाही.

४ मार्च, मंगळवार

दोन मजले. दुखणं तीन. घोट्याला अर्ध्या किलोची वाळूची पिशवी बांधून पाय उचलते. बारा दिवस उरले.

८ मार्च, शनिवार

आज मोठी गोष्ट झाली. लिहून ठेवलीच पाहिजे.

दुपारी खुर्चीत डुलकी लागली होती. वासाने जाग आली. गॅस. खुर्चीतून उठले ती थेट उभी, हात ना दांडीला ना टेबलाला. सहा पावलांत ओट्याशी. बटण पूर्ण उघडं, शेगडी पेटलेली नाही, आणि धाकटी शेजारी उभी, हातात काड्यापेटी. काडी ओढायच्या बेतात. मी तिच्या हातावर फटका मारला, पेटी खाली पडली. गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, तिला गॅलरीत नेऊन बसवलं. मग उंबऱ्यात उभी राहून दम खाताना लक्षात आलं की मी हात न टेकवता उठले. एका झटक्यात. व्यायामवालीला सांगायला हवं.

विसरते बाई ती आजकाल. वय झालं. मीही चष्मा विसरते.

धाकटी गॅलरीत बसून हात चोळत होती. म्हणाली, जाऊबाई, तुम्ही मला मारलंत. मी म्हटलं, हो मारलं. ती म्हणाली, मग ठीक आहे.

मग ठीक आहे म्हणजे काय? तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

११ मार्च, मंगळवार

व्यायामवालीची आजची खेप परीक्षेआधीची शेवटची. तिने मला चारही मजले उतरवलं आणि चढवलं. दुसऱ्या मजल्यावर श्वास घ्यायला उभी राहिले, बसले नाही. म्हणाली, रविवारी तुम्ही पास.

मग धाकटी आत गेल्याचं बघून आवाज खाली आणला. काकूंना डॉक्टरांकडे न्या, गुडघ्याच्या नाही, डोक्याच्या. हे नुसतं वय नाही. तिने काय काय पाहिलं ते सांगत गेली. गॅसचं तर मी तिला सांगितलंही नव्हतं.

मी म्हटलं, तुम्हाला गुडघ्यापुरतं बोलावलंय, गुडघ्यापुरतं बघा.

ती रागावली नाही, तेच जास्त टोचलं. मग मलाच विचारावं लागलं, मुलाला सांगणार का. ती म्हणाली, मी सांगणार नाही, ते तुम्ही सांगायचं.

मी सांगितलं तर काय होईल? चढले तरी मुलगा म्हणणार, तू राहा, पण काकूला ठेवता येणार नाही. नाही चढले तर दोघी जाणार. म्हणजे माझ्या गुडघ्याने काहीही केलं तरी ती जाणारच. मग मी पाच आठवडे काय करत होते?

म्हणून सांगायचं नाही. रविवार पार पडू दे.

१५ मार्च, शनिवार

दुपारी धाकटीला बसवून समजावलं. उद्या तो आला की मी खाली जाणार, तू घरातच बसायचं. दार उघडायचं नाही, गॅसला हात लावायचा नाही, काही विचारलं तर मला विचारा म्हणायचं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, जाऊबाई, भाच्याच्या घरी मजले किती आहेत?

मी म्हटलं, तुला काय करायचंय मजल्यांचं? तू कुठे जात नाहीयेस.

१६ मार्च, रविवार

सावकाश लिहिते, नाहीतर काहीतरी सुटेल.

मुलगा दहाला आला. उतरताना तो माझ्यापुढे होता, पडले तर झेलायला. दुखरा पाय आधी, मग चांगला. खाली उतरले, कोपऱ्यावर गेले, साबण आणि साखर घेतली, पिशवी डाव्या खांद्याला. परत आले. पहिला मजला. दुसरा मजला. तिथे मुलाचा फोन वाजला, तो बोलत थांबला, मला हाताने खुणावलं की चल तू. मी निघाले. तो येतोय का ते मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं.

वळणावर पोचले आणि वर चप्पल वाजली. तीन पायऱ्या खाली, थांबली. तीन पायऱ्या वर, थांबली. मान वर केली तर धाकटी. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरलेला. मला बघितलं आणि तिचा चेहरा असा सुटला की मला तो बघवेना. मी वर गेले तिच्यापाशी. हळू आवाजात विचारलं, कुठे निघालीस? तिने नुसती माझी बाही धरली.

खाली मुलाचं बोलणं संपलं होतं. पावलं ऐकू येत होती. त्याने तिला अशी बघितली असती, एका चपलेत, वाट चुकलेली, तर पुढचं सगळं मला माहीत होतं.

मी बसले. पिशवी मांडीवर घेतली आणि पायरीवर बसले. तिलाही बाहीला धरून शेजारी बसवलं, अनवाणी पाय माझ्या लुगड्याखाली.

मुलगा वळणावर आला आणि थांबला. म्हणाला, आई, बसलीस.

मी म्हटलं, बसले. पाय भरून आला. हिला मीच हाक मारली, सोबतीला ये म्हणून.

त्याच्या तोंडावर आनंद नव्हता, एवढं त्याच्या बाजूने लिहिते. जिंकलेल्या माणसाचं तोंड नव्हतं ते. तो म्हणाला, असू दे, तू प्रयत्न केलास. मी जिन्याच्या भिंतीकडे बघत होते.

तेव्हा धाकटी बोलली. इतक्या सरळ आवाजात की मला वाटलं दुसरंच कुणी बोलतंय.

"त्या खोटं बोलतायत रे. त्यांच्या पायाला काही झालेलं नाही. मी दार ओढून बाहेर पडले, आणि मग वर जायचं की खाली, तेच समजेना. वर्षभर होतंय असं. जाऊबाई पोटात घालतात आणि मी रुसले म्हणून सांगतात. मी एकदाही रुसलेली नाही."

मुलगा एक पायरी खाली होता, तिथेच टेकला. शिंप्याचं मशीन चाललं होतं, ते थांबलं. कान आहेत मेल्याला.

मग मी उठले. एका हातात पिशवी होती, दुसऱ्या हातात धाकटी होती, टेकवायला हात उरलाच नव्हता. तरी उठले. तिलाही उठवलं. राहिलेल्या पायऱ्या आम्ही दोघी चढलो, ती कठड्याच्या बाजूला, मी भिंतीच्या. मुलगा मागून येत होता, हातात धाकटीची एक चप्पल. ती त्याला वरच्या वळणावर सापडली.

घरात आल्यावर तो बोलला. आता तर दोघींना एकटं ठेवताच येणार नाही. मीही बोलले. सगळं सांगितलं. ताट बडवलं ते, गॅस, मीठ, शिंप्याचं दार. या वहीत मी जे जे रुसवा म्हणून लिहिलंय ते सगळं. सांगताना मलाच ऐकू आलं की ते किती आहे.

मग म्हटलं, इथे ती बेचाळीस वर्षं राहिली आणि तरी चुकते. भाच्याकडे नवा जिना, नवं दार, नवी माणसं. तिथलं ती शिकणार कधी? तिचा भाचा तिला खिडकीतून शोधत ताट बडवणार आहे का? तू मला सहा आठवडे दिलेस, मी पाय उभा करून दाखवला. तो मी माझ्यासाठी केला असं तुला वाटत असेल तर तू मला ओळखत नाहीस.

त्याने धाकटीकडे बघितलं. ती खुर्चीत बसून साखर डब्यात ओतत होती, अर्धी टेबलावर. लहानपणी त्याला अंघोळ घालायची ती हीच. मी कामावर असायचे.

शेवटी त्याने अटी सांगितल्या. बुधवारी डोक्याच्या डॉक्टरांकडे, तो स्वतः येणार. गॅसच्या सिलिंडरला कुलूप, त्याची चावी माझ्या कमरेला. धाकटी एकटी खाली जाणार नाही. शिंप्याच्या बायकोने सकाळ-संध्याकाळ डोकावायचं. तीन महिने बघू. भाच्याला त्याने तिथूनच फोन केला, येऊ नकोस म्हणून. भाच्याची सर्दी एकदम बरी झाली.

मी सगळ्या अटी मान्य केल्या. मग तो निघाला, दाराशी चपला घालायला वाकला. तेव्हा मी ते बोलले जे मला सहा आठवडे कुणापुढे बोलायचं नव्हतं. म्हटलं, मी सांभाळेन तिला, पण मला चार मजले दिवसातून दोनदा झेपतात, तिसऱ्यांदा नाही. तू महिन्याने ये, परीक्षा घ्यायला नको, तिला फिरवून आणायला ये.

तो नुसता हूं म्हणाला आणि तसाच वाकून राहिला. चपलेचा पट्टा लावायला इतका वेळ लागत नाही. रडत असावा. पण खाली वाकून बघण्याइतका माझा गुडघा अजून वाकत नाही.